कचरूच्या अकरा रेघा

नवीन जालन्यात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसामागं दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत उषा दिवसभर परक्या लेकरांची शी तपासत बसायची. ऐकायला कसंतरी वाटतं ना? वाटू द्या. उषालाही आधी वाटलं, मग सवय झाली. तिची माय सोनूबाई मात्र गावात कुणी विचारलं की "दवाखान्यात हाय" एवढंच म्हणायची आणि लगेच कापसाच्या भावावर यायची.

जालना जिल्हा होऊन तेव्हा कुठं सात-आठ वर्षं झाली होती. पुण्याच्या एका संस्थेनं लहान लेकरांच्या हगवणीचा अभ्यास इथं सुरू केला होता आणि त्यासाठी एक डॉक्टरबाई येऊन राहिल्या होत्या. उषा त्यांच्या हाताखाली. तिला अंबडकडं दिली होती. मूलबाळ होईना, तेव्हा सासरच्यांनी तिला दिवाळीला म्हणून घनसावंगीजवळच्या माहेरी आणून सोडलं आणि न्यायला आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं आले नाहीत. थोरल्या भावानं, भुजंगनं, थोडे दिवस वाट पाहिली आणि मग बारावी शिकलेल्या बहिणीला प्रयोगशाळेच्या कोर्सला घातलं. भुजंग मुलखाचा अबोल, पण बहिणीला कुणी उणंदुणं बोललेलं त्याला खपत नसे.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला भिंतीवरचा फोटो दाखवला. पुण्याच्या मोठ्या यंत्रातून काढलेला, काळापांढरा, गोल गोल ठिपक्यांचा. उषा म्हणाली, हे तर गाडीचं चाक आहे. मधी तुंबा, मग आरे, वरून धाव. बाई खूश झाल्या, कारण या विषाणूचं नावही चाकावरूनच ठेवलेलं, रोटा. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. एकात एक बसवलेले तीन डबे. बाहेरच्या डब्यावर काटे, त्यांनी तो लेकराच्या आतड्याला चिकटतो. सगळ्यात आतल्या डब्यात आरएनएचे अकरा धागे, आणि त्या धाग्यांवर त्याचा सगळा कारभार लिहिलेला: डबा कसा घडवायचा, काटे कुठं लावायचे. बऱ्याच विषाणूंचा असा धागा एकपदरी असतो. याचा प्रत्येक धागा दुपदरी, दोरीसारखा पिळलेला. आणि लबाडी अशी की पेशीत शिरताना हा वरचा डबा टाकून देतो, पण आतले दोन काही केल्या उघडत नाही. दुपदरी धागा दिसला तर पेशी सावध होईल ना! म्हणून आतल्याआत नकला काढायच्या आणि बारीक भोकांतून एकपदरी नक्कल तेवढी बाहेर सोडायची. किल्ल्या कमरेला लावून घरभर हुकूम सोडणाऱ्या सासवा उषानं पाहिल्या होत्या, तिला ते झटकन कळलं.

ते धागे डोळ्यांना दिसावेत म्हणून एक खटाटोप होता, आणि त्यात उषाचा हात बसला होता. दोन काचांच्या मधे जेलीसारखा पातळ थर ओतायचा, वरच्या खाचांत प्रत्येक लेकराचा एकेक थेंब सोडायचा आणि वीज लावून द्यायची. वीज गेली की सगळं मुसळ केरात, म्हणून बाईंनी एक जनरेटर आणून ठेवला होता, तो चालू करताना शेजारचा चहावाला शिव्या घालायचा. लांब धागे वर रेंगाळत, आखूड धागे खाली पळत. सकाळी चांदीच्या द्रावणात बुडवलं की तपकिरी रेघा वर यायच्या. वर चार, खाली दोन, मग तीन एकमेकींना चिकटून, तळाला पुन्हा दोन. एकूण अकरा. प्रत्येक लेकराच्या रेघांची ठेवण जराजराशी वेगळी. कुठली रेघ कुणाच्या खाचेतली, हे उषा बघून सांगायची, आणि बाई म्हणायच्या, तुझी नजर चांगली आहे हं.

आता घरचं सांगतो. भुजंगची बायको गिरिजा. तिची आधीची दोन लेकरं रांगायला लागायच्या आधीच गेली होती. तिसरा मुलगा तिच्या माहेरी, राजूरकडं झाला. पाचव्या महिन्यात ती लेकराला घेऊन सासरी यायची होती, आणि सोनूबाईनं मनाशी पक्कं केलं होतं की हे लेकरू उकिरड्यावर टाकायचं.

दचकू नका. चाल जुनी आहे. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं आईनं नवं लेकरू आपल्या हातानं उकिरड्यावर टाकायचं आणि पाठ फिरवायची. दुसऱ्या एखाद्या बाईनं ते उचलायचं आणि सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. झालं! सटवाईच्या लेखी ते लेकरू त्या घरचं राहिलंच नाही. टाकलेल्या मालावर कोण नजर लावतं? पुढं आईनं पाजायचं, सांभाळायचं, पण लेकरू म्हणायचं उचलणारीचं. कचरू नावाची जेवढी माणसं तुम्हाला ठाऊक असतील, त्यातली बरीचशी अशीच उचललेली. नजर घराला लागलेली, म्हणून उकिरडाही घरचाच लागतो. त्यामुळं गिरिजाच्या माहेरी काही केलं नव्हतं.

उचलायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. सोनूबाईनं चार बायकांत उषाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, हिच्या वटीत कधी काही पडलंच न्हाई, सटवाई हिच्याकडं कशाला बघती. पोटच्या मायचं बोलणं हे! उषाच्या काळजाला लागलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी तिला मनातून उकळ्याही फुटल्या.

थंडीचे दिवस, रविवार. गिरिजानं गोठ्यामागच्या उकिरड्यावर एक फाटकं पटकूर टाकलं, त्यावर लेकरू ठेवलं आणि पदरात तोंड खुपसून पाठ फिरवली. लेकरू रडलं नाही, शेणाच्या ढिगावर हात आपटून खेळत राहिलं आणि तोच हात तोंडात घातला. बायका हसल्या. उषा कोंड्याचं सूप घेऊन पुढं झाली, सूप गिरिजाच्या पायाशी ठेवलं आणि लेकरू उचललं. चांगलं वजनदार होतं. छातीशी धरल्याबरोबर त्यानं तिच्या गळ्यातली पोत ओढली, आणि उषाला वाटलं, बस, आता दुसरं काही नको.

त्या दिवशी तिनं त्याला खाली ठेवलंच नाही. तेल लावलं, न्हाऊ घातलं, काजळ घातलं. गिरिजा पाजायला घेताना रीतीप्रमाणं विचारायची, "वन्सं, तुमच्या लेकराला पाजू का?" उषा म्हणायची, "पाज बाई, माझं लेकरू उपाशी न्हाई राह्यलं पाहिजे." दोघी हसायच्या. पण गिरिजा हसायची ते खेळ म्हणून, आणि उषा हसायची ते खरं म्हणून. रात्री ते तिच्याच कुशीत झोपलं. सोमवारी सकाळच्या गाडीनं तिला जालन्याला परतावं लागलं. बसमधे तिचा पदर ओलसर होता, लाळेनं, आणि तिनं तो वाळू नये म्हणून मुठीत धरून ठेवला होता.

मंगळवारी कचरूला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सोनूबाईनं पाणी बंद केलं. जुलाबात पाणी पाजलं की पाण्यावाटेच जातं असं तिचं म्हणणं. गुरुवारी भुजंग त्याला जीपमधे घालून जालन्याच्या दवाखान्यात घेऊन आला. उषा धावत आली तेव्हा लेकराचे डोळे आत गेले होते, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहात होती. इतक्या आयांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवणारी उषा. तिच्याच घरी कुणी पाजलं नव्हतं. सलाइनला शीर सापडली नाही. संध्याकाळी सगळं आटोपलं. गिरिजानं रडता रडता तिच्या गळ्यात पडून म्हटलं, "वन्सं, तुमचं लेकरू मला न्हाई सांभाळता आलं."

दवाखान्यातल्या दुपट्यावरून उषानं बाटलीत थोडं घेतलं होतं. ते तिच्या कामातच होतं, सगळ्यांचं घ्यायची तसं त्याचंही घेतलं. पुढच्या आठवड्यात तिनंच ते काचेवर लावलं. सकाळी द्रावणात रेघा उमटल्या. चार, दोन, तीन, दोन. पण ठेवण अनोळखी होती. मधल्या दोन रेघा भलत्याच जागी थांबलेल्या. तिनं बाईंना बोलावलं आणि मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिली.

बाईंनी तो नमुना पुण्याला नेला. पुष्कळ दिवसांनी त्या परत आल्या त्या उत्साहातच. त्यांनी सांगितलं की या धाग्यांचं असं तुकड्या-तुकड्यांत असणंच मोठं विचित्र. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले की नवे डबे भरताना धाग्यांची सरमिसळ होते. काही याचे, काही त्याचे, पण भरतात बरोबर अकराच. आणि या लेकराच्या विषाणूत काही धागे गुरांच्या विषाणूचे निघाले होते. मग बाईंना भान आलं, आवाज खाली गेला. त्यांनी विचारलं, घरात वासरू होतं का? उषा म्हणाली, सगळ्यांच्याच घरी असतं, बाई. तेव्हा वासराला हगवण होती का? लेकराचा शेणाशी संबंध आला होता का? उषा काचा पुसू लागली. बाई म्हणाल्या, तसं छातीठोक काही सांगता येत नाही. पाण्यातून आलं असेल, कुणाच्या हातातून आलं असेल, सरमिसळ आणखी कुठल्या लेकरात आधीच झालेली असेल. शेणातून आलं असेल, कदाचित.

या "कदाचित"चा उषाला एवढा राग आला की ती दोन दिवस बाईंशी धड बोलली नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा ना! तिला आठवत होतं सगळं. वासराला त्या आठवड्यात पिवळी हगवण लागली होती, सोनूबाईनं रविवारी पहाटे गोठा खरवडून सगळं त्याच ढिगावर नेऊन टाकलं होतं. त्या ढिगावर लेकरू ठेवलं कुणी? गिरिजानं, त्याच्या आईनं, स्वतःच्या हातानं. हे त्या बाईला कसं सांगायचं? आणि तेही "कदाचित" म्हणून? उषानं सांगितलं नाही. पोटात ठेवलं आणि कामाला लागली.

दीड-दोन वर्षांनी गिरिजाला पुन्हा दिवस गेले. राजूरला मुलगी झाली. सोनूबाईला नातू हवा होता, पण निरोप आला तशी ती म्हणाली, पोरगी तर पोरगी, राहू दे बाई जिवंत. आणि दुसऱ्याच वाक्यात, या बारीला पण उषाच उचलंल.

उषानं गावी जाऊन एकदा विषय काढून पाहिला. म्हणाली, माय, उकिरड्यात घाण असती, रोग असतात, निदान धुतलेली चादर तरी टाकू. सोनूबाई उसळली. चादरीवर ठेवलेलं लेकरू टाकलेलं दिसतं का? सटवाईला काय आंधळी समजली का तू? मागल्या बारीला काहीतरी कसूर राह्यली, म्हणून तर गेलं. या बारीला सगळं बराबर करायचं. उषानं भुजंगकडं पाहिलं. तो बैलांचं दावं वळत होता, त्यानं मान वर केली नाही. तिसरं लेकरू पुरून आलेला बाप तो. कुणी सांगितलं असतं तर उंबऱ्यावर डोकं आपटून घ्यायलाही तयार झाला असता.

उषा परत आली आणि, लपवायचं कशाला, तिनं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. शेणातूनच आलं हे कुठं ठरलंय? पाणी बंद केलं म्हणून गेलं असेल. प्रत्येक वासराला काही हगवण नसते. या खेपेला उचललं की लगेच साबणानं हात धुवायचे, मीठ-साखरेच्या पुड्या घरात ठेवायच्या, आठ दिवस रजा काढायची. सगळं नीट होईल. आणि मग गिरिजा विचारेल, वन्सं, तुमच्या लेकराला पाजू का? पुढं पोरगी मोठी होईल, शाळेत कुणी विचारलं तर सांगेल, मी उषाबाईची. उषा एकटी बसून हसायची. तिनं बाजारातून लाल कापड आणलं आणि झबलं शिवून घेतलं. बाईंनी विचारलं, कुणाला गं? ती म्हणाली, माझ्या लेकराला. एवढी ओढ होती तिला, एवढी, की जी गोष्ट ती रोज काचेवर डोळ्यांनी बघायची, तीच तिला दिसेनाशी झाली होती.

दिवस ठरला. शेजारच्या गोजरबाई आणि आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. गिरिजा गाडीतून उतरून थेट गोठ्यामागं आली, कारण घरात पाऊल टाकायच्या आधी हे व्हायला हवं. पोरगी जागी होती, दुपट्यातून टकामका बघत होती. आईसारखं नाक, भुजंगसारखं रुंद कपाळ. सोनूबाईनं कोंड्याचं सूप उषाच्या हातात दिलं. झबलं पिशवीत होतं, पिशवी खांद्याला होती.

उषानं उकिरड्याकडं पाहिलं. वरच्या थरावर ताजं, पातळ, पिवळं पसरलेलं होतं. गोठ्यात खुंट्याला एक लहान वासरू मान टाकून उभं होतं, शेपटी आणि मागचे पाय बरबटलेले. सोनूबाईनं आज बराबर करायचं म्हणून गोठा पहाटेच खरवडला होता.

गिरिजानं पटकूर टाकलं आणि ती वाकली.

उषाच्या मनात आलं, आता ओरडून सांगावं सगळं. डबे, धागे, वासरू, कचरू, सगळं. पण सांगितलं तर हे लेकरू वाचेल आणि ही आई मरेल, उभ्या जागी. आणि सोनूबाईला तरी कसं सांगणार, की माय, तू जगवायला गेलीस, त्यानंच ते गेलं? न सांगता थांबवायचं असेल, तर एकच वाट होती. उचलणारी नसेल, तर कुठलीच आई लेकरू उकिरड्यावर टाकत नाही.

तिनं सूप जमिनीवर ठेवलं.

"थांब वहिनी. मला न्हाई पाहिजे."

गिरिजा वाकलेली तशीच राहिली. सोनूबाईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, काय न्हाई पाहिजे?

"लेकरू. मला न्हाई पाहिजे. मागल्या बारीला तुम्ही गळ्यात घातलं, माझं घेणं न्हाई देणं न्हाई, अन् रडणं माझ्याच वाट्याला आलं. मला माझी नोकरी हाय. दुसऱ्याचं लेकरू मी कशाला माझं म्हणू?"

सोनूबाईनं तिला काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. वांझोटी म्हटलं, काळतोंडी म्हटलं, सासरच्यांनी उगं न्हाई टाकली हेही म्हटलं. मग तिनं गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाई दोन पावलं मागं सरली. तिला लेकीची लेकरं होती, दुसऱ्याची नजर घरात कोण ओढून घेणार? बाकीच्यांनीही पदर सावरले. गिरिजा सावकाश उभी राहिली. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि उषाकडं पाहिलं.

"वन्सं, एवढं नकोसं झालं का माझं लेकरू?"

"हो," उषा म्हणाली.

गिरिजा वळली आणि पोरीला घेऊन सरळ घरात गेली. भुजंगनं संध्याकाळी उषाला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. जीप आली तेव्हा म्हणाला, "चांगलं न्हाई केलं उषा. हात तर लावायचा होता फक्त." ती जीपमधे चढली. घनसावंगी मागं पडली तशी ती रडायला लागली, आणि शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? उषानं मान हलवली. कुणी गेलं नव्हतं, तेच तर होतं.

पोरगी जगली. कचऱ्यातली नव्हती, म्हणून तिला धड नाव मिळालं, अनुसया. हिवाळे आले, गेले. एकदा तिलाही जुलाब झाले. भुजंगनं आपल्या बुद्धीनं पाणी पाजलं आणि चार दिवसांत ती उठून बसली. उषा सणासुदीला गावी जायची, ओटीवर बसायची, चहा प्यायची. कुणी तिच्या मांडीवर पोरगी ठेवली नाही. तीही मागत नसे.

तिसऱ्या वर्षी राजूरच्या गणपतीला जावळ काढलं. आत्याशिवाय कसं दिसेल म्हणून बोलावणं आलं होतं. देवळाबाहेर प्रसादाच्या दुकानांपाशी ही गर्दी! उषा जरा बाजूला, एका भिंतीच्या सावलीत उभी होती. अनुसयाचं डोकं ताजं गुळगुळीत झालेलं, रडून रडून नाक लाल, हातात पेढा. ती मामाच्या मांडीवरून सुटली आणि इकडं तिकडं बघत थेट उषाकडं दुडूदुडू पळत आली. का आली कोण जाणे. येऊन तिनं उषाच्या लुगड्याला चिकट हात पुसला आणि दोन्ही हात वर केले.

उषा वाकणारच होती. तेवढ्यात गिरिजा मागून आली आणि तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. रागानं नव्हे, गिरिजाच्या मनात आता राग राहिला नव्हता. अवघडलेल्या पाहुण्याला सोडवावं तशी समजुतीनं ती पोरीला म्हणाली, "आत्याला न्हाई त्रास द्यायचा बाई. आत्याला लेकरं आवडत न्हाईत."

पोरीनं उषाकडं पाहिलं, खरं का म्हणून. आईच्या कडेवर ती चांगली भरलेली दिसत होती, मांड्यांना वळ्या, पायांत चांदीचे वाळे.

"न्हाई आवडत," उषा म्हणाली, आणि तिनं पदराआड नेलेले हात तसेच धरून ठेवले.